देवाच्या डोहात मोरचूद

माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या, आणि त्या काही खोटं बोलत नव्हत्या. मासळीवालीशी, एसटीच्या कंडक्टरशी, ग्रामपंचायतीच्या शिपायाशी, कोणाशीही मी तोंडाला तोंड दिलेलं आहे. अशी मी, नेमकं जिथं बोलायला हवं होतं तिथं मूग गिळून बसले. त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. अजून मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

ते ऐंशी सालानंतरचे दिवस. पावसच्या बाजारापासून आत, दोन चढ चढून उतरलं की आमची वाडी. नवरा मुंबईला एका कापडाच्या दुकानात. मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीला आठ दिवस, एवढाच काय तो घरी. दिराचं बिऱ्हाडही तिकडेच. सासूबाई माझ्या लग्नानंतर चौथ्या वर्षी गेल्या. मूल झालं नाही. त्यावर लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं आहे, मी आणखी भर घालत नाही. मागे राहिली ती मी, एक म्हैस आणि विहिरीखालची पोफळीची बाग. बाग दोघा भावांची, राखायची मी.

एकटं राहण्यात कामाचा त्रास नसतो. काम केलं की होतं. त्रास असतो तो सांगण्याचा. माकडांनी शहाळी पाडली, म्हशीनं आज लाथ झाडली, भाताला कधी नव्हे तो धुराचा वास लागला, हे सांगायला माणूस नसतं, आणि पत्रात लिहावं इतकं ते मोठंही नसतं. मग ते पोटात साचत जातं. संध्याकाळी मी ओटीवर बसले की स्वतःशीच पुटपुटते आहे हे माझ्या ध्यानात यायचं आणि माझीच मला लाज वाटायची.

सांगायला एकच जागा होती. आमच्या बागेच्या खालून एक पऱ्ह्या वाहतो. त्याच्या पलीकडे तीन घरं, त्यातलं मधलं माझ्या चुलत जावेचं. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. नवरा घरची शेती बघणारा, दोन मुली, म्हातारा सासरा, असं भरलेलं घर. मी तिला जाऊबाई म्हणायची, ती मला नुसतं 'गो' म्हणायची. दुपारची जेवणं झाली की आम्ही दोघी आपापल्या काठानं उतरून पऱ्ह्यातल्या डोहावर कपडे धुवायला यायचो. तास-दीड तास. कपडे तरी किती असणार माझ्या एकटीचे? धुतलेली चादर मी पुन्हा धुवायची.

डोह गावच्या राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा. त्यातले मासे कोणी मारत नसे. वीत-वीत लांबीचे, काळ्या पाठीचे मासे, माणसाला मुळीच न बिचकणारे. पाण्यात पाय सोडले की टाचा कुरतडायला यायचे. जाऊबाई घरून शिळा भात फडक्यात बांधून आणायची. सगळ्यात मोठा मासा बाकीच्यांना ढकलून आधी खायला यायचा, त्याला ती मामंजी म्हणायची. "बघ, वाढायच्या आदी पाटावर बसले," ती म्हणायची, आणि आमच्या दोघींच्या अंगाला हसून हसून घाम फुटायचा. घरी तिचा खरा सासरा तसाच होता. दिवसातलं माझं हसणं तेवढंच.

आता औषधाचं सांगते. पोफळीला पावसाळ्यात कोळेरोग लागतो. कोवळ्या सुपाऱ्या कुजतात आणि खाली सडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे पाऊस लागायच्या आधी आणि मधे उघडीप मिळाली की पुन्हा, मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारायचं. निळे खडे एका मडक्यात विरघळवायचे, चुना दुसऱ्यात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतायचं. आभाळासारखं निळं होतं ते. बरोबर झालं की नाही हे बघायला घासलेली कोयती त्यात बुडवून धरायची. पातं तसंच राहिलं तर ठीक. तांबूस झालं तर तांबं मोकळं राहिलं आहे, आणखी चुना हवा. नाहीतर झाडाची पानं करपतात.

त्या वर्षी नवरा मुंबईला परत गेला आणि तिसऱ्या दिवशी पाडेली आला. पाडेली म्हणजे नारळ-सुपारी काढायला झाडावर चढणारा. तो वर एका पोफळीवरून दुसरीवर झोके घेत नळी धरायचा आणि मी खाली पंप मारायची. डोक्यावर, पाठीवर, लुगड्यावर निळे थेंब पडत होते. दुपारी शेवटचं पिंप कालवलं आणि कोयती घातली, तर पातं तांबडंलाल. चुना गेल्या सालचा होता, डब्यात हवा लागून त्याचा जीव गेला होता. आणखी टाकला तरी पातं लालच. पाडेली वरून ओरडून म्हणाला, "हे मारू नको, झाडं जातील." झाडं गेली तर दिराला काय तोंड दाखवू? मी पंप थांबवला.

पिंप अर्ध्याहून जास्त भरलेलं. ते टाकायचं कुठं? शेतकी खात्याचा माणूस मागे येऊन बजावून गेला होता, विहिरीपाशी सांडू नका, पिंपं विहिरीपासून लांब नेऊन धुवा. मी आज्ञाधारक. आम्ही दोघांनी पिंप उचलून पार पऱ्ह्यावर नेलं, डोहाच्या वरच्या अंगाला, जिथं कातळावरून पाणी सरकतं. मेअखेर होती, धार बोटभर उरली होती. पण बोटभर असली तरी वाहती. आणि वाहत्या पाण्याला विटाळ नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेली. शिवाय तांबं. देवाला पाणी कशातून घालतो आपण? तांब्याच्या भांड्यातून. तांब्यानं कधी कोणाचं वाईट झालं आहे का? मी सगळं पिंप कातळावर ओतलं, मडकी विसळली, हातपाय धुतले आणि विहीर वाचवली म्हणून स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

पलीकडून हाक आली ती दोन दिवसांनी, सकाळी. "गो, खाली ये." आवाज असा होता की मी शेणाच्या हातानंच धावले.

डोहाचं पाणी नितळ होतं, नेहमीपेक्षा जास्तच नितळ. आणि त्यावर मासे उताणे तरंगत होते. बारके तर काठाला गाळासारखे साचलेले. काही मोठे अजून जिवंत होते, तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते. भोवती डोहभर पाणी आणि हे हवेसाठी तडफडत होते. मी एक हातात घेतला. कल्ले शेंबडासारख्या बुळबुळीत थरानं भरलेले. बेडकांची पिल्लं मेली होती, दगडांवरच्या गोगलगायी गळून पडल्या होत्या. एक मरळ तेवढी जिवंत होती, कारण मरळ वर येऊन हवा घेते. मामंजी मधोमध होते, पोट वर करून. जाऊबाई काठावर बसून रडत होती. माशांसाठी रडणारी बाई मी पहिल्यांदाच बघितली, आणि मला तेव्हा स्वतःचं रडणं आलं नाही. निळं पाणी डोळ्यांसमोर येत होतं आणि मी ते ढकलत होते.

देवाचे मासे मेले म्हटल्यावर गाव गप्प बसणार थोडंच. रविवारी देवळात कौल लावायचं ठरलं. ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला उजवीकडे-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हा राखणदाराचा कोप काय? उजवी पडली. कोणाकडून विटाळ झाला काय? बराच वेळ गेला, उजवी पडली. पऱ्ह्याच्या अलीकडून काय? डावी पडली, म्हणजे पलीकडून. पलीकडे घरं तीन. एकात दोन म्हातारी, एक कुलूप लावून मुंबईला गेलेलं. मधल्यात जाऊबाई. चार बायकांनी लगेच हिशेब जुळवला की त्या आठवड्यात ती बाजूला बसली होती. ती बसली होती हे खरं. आणि त्या चार दिवसांत ती डोहाच्या खाली, लांब जाऊन धुवायची हेही खरं. मी तिच्या बरोबर असायची, मला ठाऊक होतं. पण ते कोणी विचारलं नाही.

औषधाचंही कोणी विचारलं नाही. देव विचारलं तेवढंच सांगतो. मी बायकांत मागे, खांबाला टेकून उभी होते. 'मी पिंप ओतलं' एवढे तीन शब्द. तोंडात आलेले. मग डोक्यात आलं की गाव विचारील, एकट्या बाईला बागेचं काम झेपतं का. दिराला पत्र जाईल. बाग दुसऱ्याकडे देतील आणि मला मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत, दिराच्या बायकोच्या हाताखाली नेऊन ठेवतील. जाऊबाईनं मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती मी डोळ्यांनी बघत उभी राहिले, आणि चोर मीच.

जाऊबाईनं पुढच्या शिमग्यापर्यंत डोहावर आणि देवळात पाऊल टाकायचं नाही, शिमग्याला नारळ-कोंबडा देऊन गाऱ्हाणं घालायचं, असं ठरलं. मारझोड नाही, दंड नाही. म्हणायला काहीच नाही. पण बाई गावातून उठली.

मला अजून आशा होती की माझ्या औषधानं झालंच नसेल. दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या दोणीत बागडणारे चार बारके मासे पकडून दोन मडक्यांत दोन-दोन सोडले. एका मडक्यात पिंपाच्या तळाची चिमूटभर खरवड टाकली. पाणी निळं झालं असं म्हणताही येणार नाही. म्हशीला पाणी दाखवून आले तर त्या मडक्यातले दोघे वर येऊन आ वासत होते. जेवून आले तर गेले होते. दुसऱ्या मडक्यातले मजेत फिरत होते. मी ते मडकं उचलून बांधावर आपटलं. पुढे शेतकी खात्याच्या माणसाला मी आडून आडून विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तांबं कल्ल्यांवर बसतं, मासा भर पाण्यात गुदमरतो. आणि आपलं कोकणचं पाणी मऊ, क्षार नसलेलं, त्यात तर फारच जोरात." ज्या पाण्यात डाळ चटकन शिजते म्हणून आम्ही मिरवायचो, तेच माशांच्या मुळावर आलं होतं. पण ते नंतरचं. मला मडक्यानंच सांगितलं होतं.

त्याच दुपारी डोक्यावर पदर घेऊन मी टेकडी चढून मानकऱ्यांकडे गेले. देवळातला पहिला शब्द त्यांचा. ते पडवीत पान जमवत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पिंप, कोयती, मडकी, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चुन्याचं बोट पुसलं.

"सूनबाय, कौल झाला," ते म्हणाले. "आता देवी चुकली असं गावाला सांगू काय?"

"देवी नाही चुकली. तिला कोणी नीट विचारलं नाही."

"तू जास्त बोलतेस. मोरचूद काय तू एकटीच मारतेस? माझी पिंपं कुठं धुतात, ते कधी बघितलंस? उद्या गाव म्हणेल औषधंच बंद करा. मग सुपारी काय तू पिकवून देणार? घरी जा आणि गप ऱ्हा."

मी घरी आले आणि गप्प राहिले. खरं सांगायचं तर उतरताना मला हलकं वाटलं होतं. मी सांगितलं, ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, माझं काम झालं, असं मी वर्षभर स्वतःला ऐकवत राहिले. खाई त्याला खवखवे म्हणतात. खवखव काही थांबली नाही, पण तिच्यावर हे फुंकरीसारखं घालत राहिले.

ते वर्ष मला विसरता येत नाही. लावणीला एकमेकांच्या शेतात जायची आमच्याकडे पद्धत. त्या वर्षी पलीकडे कोणी गेलं नाही. जाऊबाई, तिचा नवरा आणि दोन मुली, चौघंच पावसात वाकलेली मी या काठावरून बघायची. मीही गेले नाही. गेले तर माझ्या खाचरात कोण येईल, हा विचार आडवा यायचा. आमची लावणी चार दिवसांत उरकली, त्यांची लांबत गेली. ती कधी मान वर करून इकडे बघायची. मी घाईघाईनं काहीतरी उचलून घरात शिरायची.

दुपारी डोहावर मी एकटी जायची. दोन लुगडी धुवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. पुरात खालच्या नदीतून बारके मासे चढून आले होते, पण ते पाय घातला की पळायचे. भात टाकला तरी यायचे नाहीत. म्हशीनं शिंग लावलं, दिराचं पत्र आलं, मला दोन दिवस ताप होता, हे सगळं पुन्हा पोटात साचायला लागलं. गणपतीत नवरा आला. मी म्हटलं, मला इथं फार एकटं वाटतं. तो म्हणाला, "एवढी वर्षं नाही वाटलं ते?" त्याचं खरं होतं. एवढी वर्षं नव्हतं वाटलं. त्यालाही मी काही सांगितलं नाही.

शिमगा झाला. जाऊबाईनं नारळ दिला, कोंबडा दिला, गाऱ्हाणं झालं, सगळे 'होय महाराजा' म्हणाले आणि ती मोकळी झाली. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी डोहावर जाऊन बसले. ती येईल की नाही ठाऊक नव्हतं. ती आली. पूर्वीच्याच काठानं उतरली, पूर्वीच्याच दगडावर बसली आणि टोपलीतले कपडे घेऊन आपटायला लागली. केस बरेच पांढरे झाले होते. मी पाण्यातून पलीकडे गेले आणि तिच्याजवळ उभी राहिले. बोलायचं पाठ करून ठेवलं होतं ते सगळं विसरले.

"औषध माझं होतं," मी म्हटलं. "मासे माझ्यामुळं मेले. मी त्याच आठवड्यात मानकऱ्यांना जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले गप ऱ्हा."

हातातलं लुगडं तिनं पिळून दगडावर ठेवलं.

"औषध तुझं व्हतं ते ठावं हाय," ती म्हणाली. "मासे मेले त्या सकाळी वरच्या कातळावर निळं साचलेलं. तुला हाक मारायच्या आदी नारळाच्या सोडणानं घासून मीच काढलं. म्हटलं, एकटी बाय, गाव हिला फाडून खाईल. मंग कौलाला वाटलं, आता बोलंल. नाय बोललीस. म्हटलं, भ्याली असंल, घरी येऊन सांगंल. मला गावाचं काय नव्हतं गो. मी तुझी वाट बघत व्हते."

मी पुन्हा तेच म्हटलं, की मी मानकऱ्यांना सांगितलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "भर उन्हात तेवढी टेकडी चढून गेलीस. माझं दार तर पऱ्ह्याच्या पल्याड व्हतं."

रागानं नाही म्हणाली. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिनं उरलेले कपडे न धुताच टोपलीत भरले आणि चढण चढून गेली. त्यानंतरही आम्ही बोललो, लग्नाकार्यात, वाटेवर, पाण्यापावसाचं, गुराढोरांचं. तिच्या मुलींच्या लग्नात मी राबले, तिच्या शेवटच्या दुखण्यात पेज नेऊन दिली आणि तिनं ती घेतली. पण दुपारी डोहावर ती परत कधी आली नाही. कपडे ती आपल्या विहिरीवर धुवायची.